नेमके काय हवे हे सांगता न येणाऱ्या वाचकासाठी: सार्वजनिक ग्रंथालयाच्या सेवांचे परीक्षण

सार्वजनिक ग्रंथालयाविषयी अभिप्राय देताना बहुतेक वाचक ग्रंथसंख्या, इमारत, बसण्याची सोय आणि वर्गणी एवढ्याच बाबी नोंदवतात. या बाबी महत्त्वाच्या आहेतच. परंतु ग्रंथालयाची गुणवत्ता त्यांवरून कळत नाही. ज्याला लेखकाचे नाव आणि पुस्तकाचे शीर्षक पाठ आहे, त्याचे काम कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात होते, आणि तिथे झाले नाही तर ते पुस्तक मिळवण्याचे दुसरे मार्गही त्याला ठाऊक असतात. ज्याला आपली गरज जाणवते पण ती शब्दांत मांडता येत नाही, जो दारातून आत येऊन कपाटांकडे पाहत संकोचाने उभा राहतो, त्याच्या वाट्याला पुढच्या दहा मिनिटांत काय येते, हा माझ्या मते ग्रंथालयाचा खरा निकष आहे. अनेक वर्षांचा सभासद या नात्याने मी या एकाच निकषावर ग्रंथालयाच्या सेवा आणि उपक्रम पाहिले आहेत, आणि हे परीक्षण त्याच अंगाने लिहिले आहे.

या निकषावर सर्वांत वरचे स्थान मी संदर्भसेवेला देतो. सार्वजनिक ग्रंथालयाच्या साऱ्या सेवांमध्ये हीच सर्वांत कमी वापरली जाते, आणि अनेक सभासदांना ती अस्तित्वात आहे हेही माहीत नसते. अमेरिकेतील वुस्टर येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी १८७६ मध्ये ग्रंथपालांच्या परिषदेपुढे असा आग्रह धरला की, ग्रंथपालाने पुस्तके सांभाळून थांबू नये, त्याने वाचकाशी बोलावे, त्याची अडचण समजून घ्यावी आणि त्याला योग्य ग्रंथापर्यंत नेऊन सोडावे. संदर्भसेवेची सुरुवात सहसा तिथूनच मानली जाते. त्याच वर्षी मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाची, पुस्तकांना विषयानुसार आकडे देणारी दशांश वर्गीकरण पद्धतीही प्रसिद्ध झाली. या दोन गोष्टी एकाच वर्षी याव्यात हे मला अर्थपूर्ण वाटते, कारण वर्गीकरण कितीही शिस्तशीर असले तरी त्याचा लाभ वाचकाला होण्यासाठी मध्ये एक जाणते माणूस लागते.

हे माणूस कशासाठी लागते, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखादी बाई येऊन विचारते, "आरोग्याची पुस्तके कुठे ठेवली आहेत?" तिला बोट दाखवून कपाट सांगता येते आणि अनेक ठिकाणी तेवढेच केले जाते. परंतु अनुभवी ग्रंथपाल आणखी दोन प्रश्न विचारतो आणि मग उलगडते की घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला मूत्रपिंडाचा विकार असल्याचे नुकतेच कळले आहे आणि त्यांना काय खायला द्यावे याची तिला काळजी आहे. दशांश पद्धतीनुसार मांडलेल्या ग्रंथालयात या एका काळजीची उत्तरे तीन ठिकाणी विखुरलेली असतात: विकाराविषयीची पुस्तके ६१६ या वर्गात, आहारशास्त्राची ६१३ मध्ये आणि पथ्याच्या स्वयंपाकाची ६४१ मध्ये. तिला हे तीन आकडे ठाऊक असण्याचे काही कारण नाही. ते ग्रंथपालाला ठाऊक असतात, आणि तिच्या "आरोग्य" या एका शब्दामागचा प्रश्न काढून घेण्याचे कसबही त्याच्याकडे असते. इथे एक मर्यादाही पाळली जाते आणि ती पाळली जावी असेच माझे मत आहे. ग्रंथपाल वैद्यकीय किंवा कायदेशीर सल्ला देत नाही. तो विश्वासार्ह साहित्य पुढे ठेवतो, ते कोणी लिहिले आहे आणि किती जुने आहे हे दाखवतो, आणि डॉक्टरांना काय विचारायचे याची तयारी वाचकाला करू देतो.

इंटरनेट आल्यावर ही सेवा कालबाह्य झाली असे म्हटले जाते, ते मला मान्य नाही. शोधयंत्र आपण लिहिलेल्या शब्दांना उत्तर देते आणि ते शब्दच चुकीचे असतील तर चुकीच्या उत्तरांची रास पुढे येते. ग्रंथपाल मात्र थांबून विचारू शकतो की, हे आपल्याला कशासाठी हवे आहे. या सेवेचे खरे दुखणे तिच्या मांडणीत आहे. कितीतरी ग्रंथालयांत संदर्भासाठी वेगळे मेज राहिलेले नाही. परत आलेली पुस्तके जमा करणारी, दूरध्वनी घेणारी आणि प्रश्नांची उत्तरे देणारी व्यक्ती एकच असते आणि तिच्यापुढे रांग लागलेली असते. मागे चार माणसे ताटकळत उभी असताना कोणीही आपल्या आजाराविषयी, कर्जाविषयी किंवा घरातल्या भांडणाविषयी विचारणार नाही. मेज रांगेपासून थोडे दूर ठेवणे, समोर एक खुर्ची ठेवणे आणि आवाज खाली ठेवून बोलणे यांना फारसा खर्च येत नाही, तरी ते बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. वाचकाने काय विचारले आणि काय वाचायला नेले याची वाच्यता न करणे हा या व्यवसायाचा जुना दंडक आहे. तो शब्दशः पाळणाऱ्या ग्रंथालयाविषयी मला अतिशय आदर वाटतो.

पुस्तकांच्या देवघेवीकडे वळताना पहिली गोष्ट सांगायची ती मुक्तद्वार पद्धतीची. वाचकाला कपाटांपर्यंत स्वतः जाता आले पाहिजे, पुस्तक हातात घेऊन चाळता आले पाहिजे आणि जे शोधायला आलो त्याच्या शेजारचे, कधी नावही न ऐकलेले पुस्तक घेऊन परतता आले पाहिजे. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी तिसरे सूत्र प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे सांगते, आणि ते घडवून आणण्याचा मुक्तद्वारापेक्षा सरळ उपाय मला दिसत नाही. चिठ्ठी लिहून द्यायची आणि आतून पुस्तक येण्याची वाट पाहायची, ही पद्धत दुर्मीळ ग्रंथांपुरती ठीक आहे. चोरीच्या भीतीने सगळाच संग्रह तिच्याखाली ठेवणारे ग्रंथालय थोडी पुस्तके वाचवते आणि पुष्कळ वाचक गमावते.

आरक्षण आणि मुदतवाढ या सोयी आता बहुतेक ठिकाणी संगणकावरून होतात आणि त्यांविषयी तक्रार करण्याजोगे फारसे नाही. आंतरग्रंथालयीन देवघेव मात्र विशेष उल्लेखाला पात्र आहे. आपल्या ग्रंथालयात नसलेले पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून वाचकाला देण्याची ही सोय अनेक ग्रंथालयांची एकत्रित सूची तयार असेल तरच नीट चालते, आणि तिला वेळ लागतो. ज्या वाचकाला एखाद्या विषयात खोलवर जायचे आहे, त्याच्यासाठी मात्र या सेवेने लहान ग्रंथालयाच्या भिंती नाहीशा होतात. सभासद होताना या सोयीविषयी आवर्जून विचारावे, कारण ती उपलब्ध असूनही फलकावर लिहिलेली नसते.

विलंब शुल्काविषयी माझे मत स्पष्ट आहे: ते रद्द व्हावे. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये ते बंद केले, त्याच सुमारास इतरही अनेक शहरांनी तोच निर्णय घेतला, आणि हरवलेल्या पुस्तकाची भरपाई मात्र कायम ठेवली. हा भेद योग्य आहे. पुस्तक परत आणावे म्हणून शुल्क असते, परंतु साचलेल्या रकमेची धास्ती घेतलेला वाचक पुस्तकही परत करत नाही आणि स्वतःही परत येत नाही. त्यात सर्वांत आधी दुरावतात ती कमी उत्पन्नाच्या घरांतील मुले, आणि ग्रंथालयाची सर्वाधिक गरज त्यांनाच असते.

मुलांसाठीच्या सेवांवर थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत ठरावीक वयाखालील मुलांना प्रवेशच नव्हता. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९०६ पासून बालविभागाची धुरा सांभाळणाऱ्या ॲन कॅरल मूर यांनी मुलांना ग्रंथालयाचे पूर्ण वाचक मानले. मुलाने नोंदवहीत स्वतःच्या हाताने नाव लिहून पुस्तकांची काळजी घेण्याचे वचन द्यावे आणि मग पुस्तक घरी न्यावे, ही प्रथा त्यांच्या कारकिर्दीशी जोडली जाते. त्यातली दृष्टी मला आजही अनुकरणीय वाटते: मुलावर विश्वास टाकला की मूल जबाबदारी घेते.

गोष्टीचा तास हा बालविभागाचा सर्वांत प्रसिद्ध उपक्रम आहे आणि तो चांगला चालला आहे की नाही हे ओळखणे अवघड नाही. गोष्ट सांगणारी व्यक्ती हातात पुस्तक धरून वाचते का, चित्रे मुलांकडे वळवून दाखवते का, आणि गोष्ट संपल्यावर त्याच विषयाची आठ-दहा पुस्तके मुलांना हाताळायला मांडून ठेवलेली असतात का, एवढे पाहावे. ही पुस्तके मांडलेली असतील तर मूल त्याच दिवशी एखादे घरी घेऊन जाते आणि त्या तासाचे काम घरी चालू राहते. तास ठरावीक वारी आणि ठरावीक वेळी व्हायला हवा, कारण लहान मुलांच्या घरात सवयीशिवाय काहीही टिकत नाही. पालकांनी शेजारी बसावे, हेही गरजेचे आहे. ज्या पालकांना स्वतःला वाचनाची सवय नाही, त्यांना मुलासमोर पुस्तक कसे वाचायचे हे तिथेच पाहायला मिळते आणि कोणी त्यांना शिकवत असल्याचा संकोचही वाटत नाही. याउलट वर्षातून एकदा भरणाऱ्या स्पर्धा, पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक, बक्षीस आणि छायाचित्र या प्रकारांना मी फार किंमत देत नाही. तीन मुले आनंदाने घरी जातात आणि उरलेल्यांच्या मनात ग्रंथालयाचे नाव हरण्याशी जोडले जाते.

किशोरवयीन वाचकांची मात्र सर्वत्र उपेक्षा दिसते. बालविभागातील खुर्च्या त्यांना लहान होतात आणि मोठ्यांच्या विभागात त्यांच्या बोलण्याला कोणीतरी हटकते. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी एक स्वतंत्र कोपरा, चार जणांना एकत्र बसून दबक्या नव्हे तर सामान्य आवाजात बोलता येईल अशी जागा, आणि पुस्तकखरेदीत त्यांचे मत विचारण्याची पद्धत एवढे केले तरी पुष्कळ होईल. याच वयात वाचन सुटते आणि एकदा सुटले की ते परत येईलच असे नाही.

अभ्यासिका ही अनेक ग्रंथालयांत सर्वाधिक गर्दीची जागा असते. घरी शांतता नसलेल्या विद्यार्थ्याला उजेड, टेबल आणि काही तासांची निवांत बैठक मिळते, तेव्हा ती मिळालेली मदत फार मोठी असते, आणि तिला दुय्यम लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही. परंतु स्वतःची पुस्तके घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांनी सगळ्या जागा सकाळीच भरून टाकल्या आणि ग्रंथालयातील संदर्भग्रंथ वाचायला आलेल्यांना उभे राहावे लागले, तर तिथे व्यवस्थापनाने लक्ष घातले पाहिजे. अभ्यासिका आणि वाचनकक्ष वेगळे असावेत. जागा अपुरी असेल तर निदान काही टेबले ग्रंथालयाचे साहित्य वापरणाऱ्यांसाठी राखून ठेवावीत.

संगणक आणि इंटरनेटची सोय तरुण वाचकांना किरकोळ वाटते, कारण त्यांच्या खिशात ती असते. परंतु नोकरीचा अर्ज, निवृत्तिवेतनाची नोंद, शाळेचा प्रवेश अशी कितीतरी कामे आता पडद्यावरच होतात, आणि ज्याला ती जमत नाहीत त्याला मदत मागण्यासाठी ग्रंथालयासारखी दुसरी सार्वजनिक जागा क्वचितच सापडते. इथेही तोच अर्धवट प्रश्न घेऊन आलेला माणूस असतो. शेजारी बसून, कळफलक त्याच्याच हातात ठेवून, टप्प्याटप्प्याने काम करवून घेणारा कर्मचारी मिळाला तर तो पुढच्या वेळी एकटा ते काम करतो. घाईत सगळे स्वतःच भरून देणाऱ्या कर्मचाऱ्यामुळे काम होते, पण माणूस होता तिथेच राहतो, शिवाय त्याचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती जातो.

ई-पुस्तकांच्या सेवेबाबत मात्र मी समाधानी नाही आणि यात दोष ग्रंथालयांचा कमी आहे. छापील पुस्तक एकदा विकत घेतले की ते फाटेपर्यंत ग्रंथालयाचे असते. ई-पुस्तकाचा मात्र बहुधा परवाना मिळतो, तोही एका वेळी एकाच वाचकाला देण्याच्या अटीवर. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये २६ वेळा देवघेव झाल्यावर परवाना संपेल अशी अट घातली, आणि त्यानंतर ठरावीक वर्षांनी परवाना पुन्हा विकत घ्यावा लागण्याची पद्धतही रूढ झाली. "पुस्तक तर फाइलच आहे, मग माझा क्रमांक रांगेत चाळिसावा कसा?" असे विचारणाऱ्या वाचकाला या अटी कोणी समजावून सांगत नाही. ग्रंथालयांनी त्या स्पष्टपणे लिहून लावाव्यात. आपल्या वर्गणीतून आणि करातून कोणत्या अटींवर खरेदी होते, हे समजण्याचा हक्क वाचकाला आहे.

जे वाचक ग्रंथालयापर्यंत येऊच शकत नाहीत, त्यांच्यासाठीच्या सेवा मला सार्वजनिक ग्रंथालयाच्या सर्वांत उदात्त सेवा वाटतात. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारले आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवल्या. फिरते ग्रंथालय आणि घरपोच सेवा हे त्याच विचाराचे आजचे रूप आहे. अंथरुणाला खिळलेल्या वाचकाच्या घरी दर पंधरवड्याला कोणीतरी पुस्तके घेऊन जाते, मागची कशी वाटली ते विचारते आणि त्यावरून पुढची निवडते, तेव्हा संदर्भसेवाच त्याच्या दारी पोहोचलेली असते. दृष्टिबाधित वाचकांसाठी २०१३ चा माराकेश करार महत्त्वाचा ठरला. तो ३० सप्टेंबर २०१६ पासून लागू झाला, आणि त्यामुळे अधिकृत संस्थांना हक्कधारकाच्या परवानगीवाचून ब्रेल, श्राव्य किंवा मोठ्या अक्षरांतील प्रती तयार करता येतात आणि देशादेशांत पाठवता येतात. भारताने या करारास २०१४ मध्ये सर्वांत आधी अनुसमर्थन दिले, ही अभिमानाची गोष्ट आहे. कायद्याने वाट मोकळी झाली तरी आपल्या ग्रंथालयातून अशी प्रत मागवता येते, हे वाचकाला सांगणारे कोणीतरी हवे. ते सांगितले जात नाही, म्हणून मागणी येत नाही, आणि मागणी नाही म्हणून सेवा गुंडाळली जाते. हे चक्र ग्रंथालयानेच तोडले पाहिजे.

प्रौढांसाठीच्या कार्यक्रमांविषयी मते टोकाची असतात. काहींना व्याख्याने, कार्यशाळा आणि गटचर्चा म्हणजे ग्रंथालयाचा ऱ्हास वाटतो, तर काहींना तेच त्याचे भविष्य वाटते. हेलसिंकीचे ओओदी हे डिसेंबर २०१८ मध्ये उघडलेले ग्रंथालय या वादात नेहमी पुढे केले जाते. तिथे वरच्या मजल्यावर पुस्तके आहेत, तर मधल्या मजल्यावर शिवणयंत्रे, त्रिमितीय मुद्रणयंत्रे आणि संगीताच्या खोल्या आहेत. मला त्यात काहीही विसंगत वाटत नाही, कारण एकेकट्या माणसाला परवडणार नाही ते सर्वांनी मिळून विकत घ्यावे आणि आळीपाळीने वापरावे, याच तत्त्वावर पुस्तकांची देवघेवही उभी आहे. माझी हरकत वेगळी आहे. कार्यक्रम झाला, सभागृह भरले, टाळ्या पडल्या आणि त्या विषयाचे एकही पुस्तक बाहेरच्या मेजावर नव्हते, तर ग्रंथालयाने फक्त सभागृह पुरवले असे म्हणावे लागते. कायदेविषयक माहितीच्या सत्रानंतर ३४० च्या वर्गातील सोपी पुस्तके मांडलेली असावीत, ग्रंथपाल तिथे उभा असावा, आणि व्याख्यात्याला सर्वांसमोर विचारता न आलेला प्रश्न त्याला एकांतात विचारता यावा. असा कार्यक्रम वाचकाला संग्रहापर्यंत आणून सोडतो, आणि मग त्याची उपस्थिती वीस असली तरी मला ती पुरेशी वाटते.

जुनी पुस्तके बाद करण्याच्या कामाचाही इथे उल्लेख करतो, कारण त्यावरून गैरसमज फार होतात. कालबाह्य झालेले वैद्यकशास्त्राचे पुस्तक किंवा रद्द झालेल्या कायद्यावरील मार्गदर्शिका कपाटात राहिली तर ती वाचकाची दिशाभूल करते. ती काढणे आवश्यक आहे. स्थानिक इतिहास, जुनी नियतकालिके आणि इतरत्र न सापडणारे ग्रंथ मात्र काढू नयेत. निवड कोणत्या नियमाने होते हे लेखी आणि सर्वांना पाहता येईल असे असावे.

आता सर्वांत मोठ्या उणिवेविषयी. १९४९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि अलीकडे २०२२ मध्ये सुधारलेल्या युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयविषयक जाहीरनाम्यात वय, वंश, लिंग, धर्म, भाषा किंवा सामाजिक स्थान यांचा भेद न करता सर्वांना समान सेवा मिळावी असे म्हटले आहे. परंतु दार उघडे असण्याची वेळ नोकरदाराच्या कामाच्या वेळेशी जुळत असेल, तर ही समानता त्याच्यापुरती कागदावरच राहते. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी ग्रंथालय उघडे ठेवायचे तर माणसे लागतात, आणि माणसांसाठी दरवर्षी पैसा लागतो. अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून जगभर २,५०९ ग्रंथालये उभी राहिली. त्यांची अट अशी होती की, इमारतीला दिलेल्या रकमेच्या दहा टक्के इतका खर्च गावाने दरवर्षी चालवणुकीसाठी करण्याची हमी द्यावी. ही दूरदृष्टी आज फार थोड्या ठिकाणी दिसते. नव्या इमारतीचे उद्घाटन होते, संगणक येतात आणि निवृत्त झालेल्या ग्रंथपालाची जागा मात्र भरली जात नाही. सेवांच्या यादीतील प्रत्येक सेवा तशीच छापलेली राहते, फक्त ती देणारे कोणी नसते.

म्हणून माझी शिफारस अशी आहे. सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासदत्व जरूर घ्यावे आणि घरातील मुलांचेही स्वतंत्रपणे घ्यावे. पहिल्याच भेटीत देवघेवीच्या खिडकीपाशी न थांबता संदर्भासाठी कोण बसते ते विचारावे आणि आपला एखादा खरा प्रश्न, अगदी अर्धवट असला तरी, त्यांच्यापुढे मांडावा. उत्तर समाधानकारक असेल तर ते ग्रंथालय चांगले आहे, मग त्याची इमारत कशीही असो. तिथे कोणीच बसत नसेल, तर ग्रंथालयाच्या सूचनावहीत ते लिहावे, दिनांक घालावा, आणि हवे असलेले पण न मिळालेले पुस्तक मागणीवहीत नोंदवावे. पुढील वर्षाची ग्रंथखरेदी आणि पदांची मागणी ठरवताना व्यवस्थापनापुढे ठेवायला ग्रंथपालाच्या हाती वाचकांच्या या लेखी नोंदींइतका भक्कम पुरावा क्वचितच दुसरा असतो.